व्यापाराचा लाभ पोहोचायला किती वर्षे लागतात? जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांच्या प्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
जागतिक व्यापार संघटनेच्या १६६ सदस्यांचे प्रतिनिधी,
जिनिव्हा

सविनय नमस्कार.

व्यापार कराराचा मजकूर उघडला की त्यातला सर्वांत लांबलचक भाग बहुधा शुल्ककपातीच्या परिशिष्टाचा असतो. हजारो वस्तूंची यादी, प्रत्येक वस्तूला तिचा सांकेतिक क्रमांक, आणि त्यापुढे पहिल्या वर्षी शुल्क किती, तिसऱ्या वर्षी किती, कोणत्या वर्षी ते शून्यावर येणार, याचा काटेकोर तपशील. हे परिशिष्ट सिद्ध करण्यासाठी आपण आणि आपले सहकारी किती रात्री जागता याची मला कल्पना आहे आणि त्या कष्टांविषयी आदरही आहे. मात्र त्याच करारात आणखी दोन वेळापत्रके असायला हवीत, ती मी वाचलेल्या करारांत मला सापडली नाहीत. करारातून होणारा लाभ किती वर्षांनी आणि कोणापर्यंत पोहोचेल, हे एक. आणि त्याची किंमत कोण, किती वर्षे मोजत राहील, हे दुसरे.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र शिकवत आलो आहे. तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त, म्हणजे प्रत्येक देशाने त्याला तुलनेने स्वस्तात जमणारे काम करावे आणि बाकीचे व्यापारातून घ्यावे हे तत्त्व, फळ्यावर मांडून झाला की दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतो, "पण सर, हे किती वर्षांनी होतं?" पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नसते, कारण तिथल्या आकृतीत काळाला अक्षच नसतो. अनेक वर्षे मी तो प्रश्न पुढच्या तासावर ढकलला, याची मला खंत वाटते. हे पत्र त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले त्यातून लिहीत आहे. आरंभीच सांगतो की मी खुल्या व्यापाराच्या बाजूचा माणूस आहे. या बाजूच्या लोकांनी काळाचा हिशेब टाळल्यामुळेच व्यापारावरचा सामान्य माणसाचा विश्वास उडत चालला आहे, असे माझे मत आहे.

या सिद्धान्ताचे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दिलेले उदाहरण आपणा सर्वांना पाठ असेल. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्य करायला १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तीच कामे अनुक्रमे ९० आणि ८० माणसांत होतात. पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस असूनही त्याने मद्य करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचेही भले आहे. या तर्काला दोनशे वर्षांत कोणी धक्का लावू शकलेले नाही. परंतु या उदाहरणातला पोर्तुगीज विणकर एका वाक्यात मागावर असतो आणि पुढच्या वाक्यात द्राक्षमळ्यात. प्रत्यक्षात द्राक्षाची वेल लावल्यापासून नीट पीक हाती यायलाच तीनेक वर्षे जातात. विणकराला मळेकरी व्हायला किती लागतील, हा भाग निराळाच. मळा दुसऱ्याच प्रांतात असेल, विणकर पन्नाशीचा असेल, घर विकून जावे म्हटले तर गिरणी बंद पडलेल्या गावात घराला गिऱ्हाईक नसेल. सिद्धान्त चुकीचा नाही. तो प्रवासाचा आरंभ आणि शेवट सांगतो, वाट सांगत नाही.

त्या वाटेवर लाभ दोन प्रकारांनी येतो, आणि त्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आपल्या चर्चा भरकटतात. पहिला लाभ लवकर दिसतो. जपानचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे, कारण दोन शतकांहून अधिक काळ जवळजवळ बंद असलेली अर्थव्यवस्था तिथे थोड्या वर्षांत उघडली. १८५८ चे करार जपानने स्वखुशीने केले नव्हते, ते युद्धनौकांच्या धाकाखाली झाले, हे विसरता येत नाही. तरी १८५९ मध्ये योकोहामासारखी बंदरे खुली झाल्यावर रेशीम आणि चहा यांच्या किमती जपानमध्ये वर गेल्या, तर बाहेरून येऊ लागलेल्या मालाच्या उतरल्या. डॅनियल बर्नहोफेन आणि जॉन ब्राउन या अभ्यासकांनी २००५ मध्ये या बदलातून मिळालेल्या लाभाचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांच्या मते तो जास्तीत जास्त राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्के होता. ही रक्कम लहान नाही. पण ती एकदाच मिळते. किमती नव्या पातळीवर स्थिरावल्या की तो लाभ वाढत नाही.

पुढे जे घडले ते या मोजमापात मावत नाही. १८७२ मध्ये जपानी सरकारने तोमिओका येथे फ्रेंच यंत्रे आणि फ्रेंच तज्ज्ञ आणून रेशमाचा आदर्श कारखाना उभारला, आणि तिथे शिकलेल्या मुलींनी आपापल्या भागात जाऊन ते तंत्र इतरांना शिकवले. सूत कातण्याची यंत्रे इंग्लंडहून आली. ती चालवता चालवता दुरुस्त करणे आले, दुरुस्त करता करता सुधारणे आले. १९२४ मध्ये तोयोदा यांचा स्वयंचलित माग तयार झाला, आणि १९२९ मध्ये त्याचे पेटंट हक्क विकत घेतले ते इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनवणाऱ्या नामांकित कंपनीने. बंदरे उघडल्यापासून इथवर यायला सत्तर वर्षे लागली. हा दुसऱ्या प्रकारचा लाभ. तो किमतीतून येत नाही, शिकण्यातून येतो. म्हणून तो हळू येतो, साचत जातो आणि आपोआप येत नाही. जपानमध्ये त्यामागे शाळा होत्या, सरकारी खर्च होता आणि चुका सोसण्याची तयारी होती. असमान करारांमुळे आपले आयात शुल्क आपण ठरवण्याचा पूर्ण अधिकार त्या देशाला १९११ पर्यंत नव्हता, तरीही हे घडले, ही गोष्ट मला संरक्षणवादी आणि मुक्तव्यापारवादी या दोघांनाही विचारात पाडणारी वाटते.

शिकण्यातून खर्च उतरतो हे केवळ अनुमान नाही. टी. पी. राइट या विमान अभियंत्याने १९३६ मध्ये दाखवून दिले की बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारे श्रम सुमारे वीस टक्क्यांनी घटतात. केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये या अनुभवाला अर्थशास्त्रात स्थान दिले. व्यापाराशी त्याचा संबंध असा, की केवळ आपल्याच बाजारासाठी उत्पादन करणाऱ्या लहान देशाला दुपटीच्या या पायऱ्या चढायला जन्म जातो, तर जगासाठी उत्पादन करणाऱ्याला काही वर्षे पुरतात. सौर विजेची कथा हीच आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत उपयोगी सौर घट तयार झाला, २००० मधल्या जर्मन कायद्याने त्याला मोठी मागणी मिळवून दिली, पुढे चिनी कारखान्यांनी त्या मागणीच्या जोरावर उत्पादन प्रचंड वाढवले, आणि एकूण उत्पादनाच्या प्रत्येक दुपटीला किंमत साधारण एक पंचमांशाने उतरत गेली. यातली एकही कडी एकट्या देशाने जोडलेली नाही, आणि पहिल्या कडीपासून स्वस्त विजेपर्यंतचा काळ अर्ध्या शतकाहून अधिक आहे.

बांगलादेशच्या तयार कपड्यांच्या उद्योगावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण लाभ कसा रुजतो, कसा पसरतो आणि कुठे अडतो हे सर्व तिथे एकत्र पाहायला मिळते. १९७४ पासून बहुतंतू करारान्वये दक्षिण कोरियासारख्या देशांच्या कापड निर्यातीवर श्रीमंत देशांनी कोटा लादला होता. ज्यांच्यावर कोटा नाही अशा देशात शिवणकाम हलवावे, हा कोरियन कंपन्यांचा साधा हिशेब होता. देवू या कोरियन कंपनीशी देश गारमेंट्स या बांगलादेशी कंपनीने करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे १३० कामगार व पर्यवेक्षक प्रशिक्षणासाठी बुसानला गेले. त्यांनी तिथे शिवणयंत्र चालवणे तर शिकलेच, पण मुदतीत माल पाठवणे, दर्जा तपासणे, विदेशी खरेदीदाराशी व्यवहार करणे हेही शिकले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती कंपनी सोडली. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांच्या कारखान्यांत गेले. एका कंपनीचे नुकसान झाले, देशाला उद्योग मिळाला. बाँडेड गोदामांमुळे आयात कापडावर शुल्क न भरता निर्यातीचा माल शिवता येऊ लागला आणि खरेदीदाराच्या लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्राच्या, आधारावर कच्च्या मालासाठी दुसरे लेटर ऑफ क्रेडिट मिळण्याची सोय झाली, म्हणून फारसे भांडवल नसलेल्यांनाही कारखाना काढता आला. २००४ च्या अखेरीस कोटा संपला तेव्हा हा उद्योग कोसळेल अशी भाकिते झाली होती. तो कोसळला नाही, वाढला, कारण एव्हाना पाव शतकाचे शिकणे त्याच्या गाठीशी होते. आज त्या देशाच्या निर्यात उत्पन्नातला चार पंचमांशाहून अधिक भाग या कपड्यांचा आहे आणि लाखो स्त्रियांच्या हाती स्वतःची पहिली मजुरी त्यातून आली.

पण २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, तीही याच उद्योगात. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि तरीही कामगारांना आत पाठवले गेले. खरेदीदार कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेसाठी बंधनकारक करार झाला तो या दुर्घटनेनंतर, म्हणजे उद्योग सुरू झाल्यावर तीन दशकांहून अधिक काळाने. निर्यातीची रक्कम ज्या वेगाने वाढते त्या वेगाने कामगाराची सुरक्षितता वाढत नाही. तिच्यासाठी कोणीतरी वेगळा आग्रह धरावा लागतो, आणि तो आग्रह आधी धरला असता तर ती माणसे वाचली असती, असे मला मनापासून वाटते.

लाभाप्रमाणे झळही कधी उशिरा पोहोचते. ब्रिटनने आयात धान्यावर शुल्क लावणारे धान्य कायदे १८४६ मध्ये रद्द केले. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी शुल्क एकदम न काढता १८४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवले, आणि ते विधेयक ज्या दिवशी संमत झाले त्याच रात्री त्यांच्या सरकारचा दुसऱ्या प्रश्नावर पराभव झाला. ब्रिटिश शेती लगेच बुडेल ही भीती तेव्हा खोटी ठरली. पुढची पंचवीसेक वर्षे शेतकऱ्यांना चांगली गेली. अमेरिकेत लोहमार्ग पसरले आणि आगबोटींचे भाडे उतरले तेव्हा कुठे उघड्या दारातून धान्याचा लोंढा आला. १८७३ च्या सुमारास एका क्वार्टर (धान्याचे जुने ब्रिटिश माप) गव्हाला ५८ शिलिंग मिळत, ते १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्याही खाली आले. शहरातल्या मजुराची भाकरी स्वस्त झाली आणि गावातला शेतमजूर देशोधडीला लागला. कायद्याने दार उघडते, पण माल येतो तो वाटेने, आणि वाट तयार व्हायला तिचा काळ लागतो. विसाव्या शतकात कंटेनरनेही हेच केले. १९५६ मध्ये ५८ कंटेनर घेऊन पहिले जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला गेले तेव्हा माल चढवण्याचा खर्च टनामागे ५ डॉलर ८३ सेंटवरून १६ सेंटच्या आत आला होता. तरी अटलांटिक ओलांडणारी नियमित कंटेनर सेवा सुरू व्हायला १९६६ उजाडले.

आता किमतीच्या वेळापत्रकाविषयी. कॅनडा आणि अमेरिका यांच्यातला मुक्त व्यापार करार १९८९ मध्ये अमलात आला आणि त्याची शुल्ककपात दहा वर्षांत विभागली होती. डॅनियल ट्रेफलर यांनी २००४ मध्ये त्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. कॅनडाने ज्या उद्योगांवरचे शुल्क सर्वांत जास्त उतरवले, त्यांतला रोजगार १२ टक्क्यांनी घटला आणि त्याच उद्योगांची श्रमाची उत्पादकता १५ टक्क्यांनी वाढली. दोन्ही आकडे एकाच घटनेचे आहेत. दुबळे कारखाने आकसले म्हणून सरासरी उंचावली. ज्याची नोकरी गेली तो माणूस मात्र त्या उंचावलेल्या सरासरीत कुठेच नाही.

ब्राझीलचा अनुभव त्याहून कठीण आहे. तिथे १९९० ते १९९५ या काळात आयात शुल्कात मोठी कपात झाली. रफाएल डिक्स-कार्नेरो आणि ब्रायन कोवाक यांनी २०१७ मध्ये दाखवले की ज्या प्रदेशांतल्या उद्योगांना या कपातीचा जास्त फटका बसला, तिथल्या संघटित क्षेत्रातल्या कमाईची घसरण दहा वर्षांनी थांबली नाही. वीस वर्षांनंतर ती दहा वर्षांनंतरच्या तिप्पट झाली होती. काळ हेच औषध आहे असे आम्ही अर्थशास्त्राचे लोक सांगत आलो, आणि इथे काळाबरोबर दुखणे वाढले. माणसे दुसरीकडे गेली नाहीत, भांडवल मात्र हळूहळू निघून गेले. अमेरिकेतही चिनी आयातीशी स्पर्धा करणाऱ्या भागांत रोजगार आणि मजुरी यांची पडझड दशकभरानंतरही भरून निघाली नव्हती. १९९९ ते २०११ या काळात त्यापायी गेलेल्या नोकऱ्यांचा अभ्यासकांचा अंदाज २० ते २४ लाखांचा आहे. हे निष्कर्ष व्यापाराविरुद्ध वापरले जातात तसे मी वापरत नाही. त्याच काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे दारिद्र्यातून वर आली आणि जगभर असंख्य घरांत वस्तू स्वस्त झाल्या, हेही तितकेच खरे आहे. माझे म्हणणे एवढेच की एका ठिकाणचा लाभ दुसऱ्या ठिकाणच्या तोट्याला परस्पर भेटायला जात नाही.

लाभधारकांनी तोटा सोसणाऱ्यांची भरपाई करूनही काही उरत असेल तर धोरण योग्य, असा निकष १९३९ मध्ये अर्थशास्त्राने स्वीकारला. भरपाई करता येणे आणि ती होणे यांतले अंतर त्या निकषाने मोकळेच सोडले. अमेरिकेने १९६२ मध्ये व्यापारामुळे नोकरी गमावणाऱ्यांसाठी साहाय्य योजना सुरू केली; तिची मुदत २०२२ च्या मध्याला संपली आणि तेव्हापासून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले. युरोपीय संघाने २००६ मध्ये असाच निधी उभारला, पण त्यासाठी किमान १००० कामगारांची कपात व्हावी लागे; पुढे ही अट उतरत २०० वर आली. छोट्या गावातला ऐंशी जणांचा कारखाना बंद पडला तर गावाच्या दृष्टीने ते संकट लहान नसते, आकडा मात्र अटीत बसत नाही.

आपल्या संघटनेचे नियमही काळाविषयी काही गृहीत धरून चालतात. अचानक वाढलेल्या आयातीविरुद्धचे संरक्षक उपाय आधी चार वर्षांपर्यंत आणि वाढवून आठ वर्षांपर्यंत ठेवता येतात, विकसनशील देशांना आणखी दोन वर्षे मिळतात. प्रादेशिक करारांनी शुल्ककपात साधारण दहा वर्षांच्या आत पूर्ण करावी, असे अशा करारांविषयी सदस्यांनी मान्य केलेल्या १९९४ च्या सामंजस्यात म्हटले आहे. या मुदती बदलून वीस वर्षे करा असे मी म्हणणार नाही, कारण लांबलेले संरक्षण शिकण्याची गरजच मारून टाकते. परंतु जखम वीस वर्षे वाढत राहू शकते हे ज्ञात असताना मलमपट्टीची योजना दोन-तीन वर्षांची का, याचे उत्तर नियमांत कुठेतरी असावे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आपल्यापाशी आग्रह धरतो, आणि ती म्हणजे दिलेला शब्द टिकवणे. २००१ मध्ये चीन संघटनेत आला तेव्हा अमेरिकेने चिनी मालावर प्रत्यक्ष लावलेले शुल्क फारसे बदलले नव्हते. सवलतीचे दर आधीपासून लागू होते, पण त्यांचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. २००० मधल्या कायद्याने ती वार्षिक टांगती तलवार दूर केली आणि व्यापार झपाट्याने वाढला. हीच खात्री काढून घेतली की काय होते ते १९३० नंतर जगाने पाहिले. मंदी आधीच आली होती, पण त्या वर्षीच्या अमेरिकी शुल्कवाढीला इतर देशांनी शुल्कवाढीनेच उत्तर दिले. जागतिक व्यापाराचे मूल्य १९२९ ते १९३३ या चार वर्षांत एक तृतीयांशावर आले. त्यानंतर १९४७ मध्ये २३ देशांनी जिनिव्हातच जो करार केला, तिथून वाटाघाटींच्या आठ फेऱ्या पूर्ण व्हायला १९९४ उजाडले. मोडायला चार वर्षे, बांधायला जवळजवळ अर्धे शतक.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. सर्वांत मोठ्या चार सदस्यांच्या व्यापार धोरणाचा आढावा आपण दर तीन वर्षांनी घेता, त्यांच्यामागच्या सोळा सदस्यांचा पाच वर्षांनी, इतरांचा सात वर्षांनी. त्या आढाव्यात शुल्क, कोटा, अनुदाने यांची बारकाईने नोंद होते. त्यातच प्रत्येक सदस्याने दहा आणि वीस वर्षांपूर्वी केलेल्या शुल्ककपातीचे आज काय झाले हे प्रदेशवार सांगावे. कोणत्या जिल्ह्यांत रोजगार घटला, नोकरी गेलेल्यांपैकी किती जणांना पुन्हा काम मिळाले आणि किती मजुरीवर, निर्यात करणाऱ्या उद्योगांत नवे कौशल्य आले का आणि ते इतरांपर्यंत पसरले का. आकडे देशांकडे असतात; ते कोणी मागत नाही म्हणून एकत्र येत नाहीत. नव्या करारांत शुल्ककपातीच्या परिशिष्टालगतच साहाय्याचे परिशिष्ट जोडावे, त्यातला निधी कपातीच्या पहिल्या वर्षाच्या आधी उपलब्ध असावा आणि कारखान्यातल्या माणसांची संख्या ही त्याची अट नसावी. अल्पविकसित देशांसाठी बाजार खुला करताना प्रशिक्षणाचा आणि कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा खर्च कोण उचलणार, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.

पुढच्या आढाव्याच्या बैठकीत आपल्यापैकी एका जरी प्रतिनिधीने समोरच्या देशाला हा प्रश्न विचारला, की वीस वर्षांपूर्वी ज्या गावांना आपण थोडे थांबा असे सांगितले होते ती गावे आज कुठे आहेत, तर त्याचे उत्तर काय येते ते मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे आहे.

आपला विश्वासू,
अर्थशास्त्राचा एक अध्यापक